समुद्रावर वाट पाहणारे सैन्य : चोविसाव्या मरीन मोहीम दलाची हकिकत

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉर्थ कॅरोलायना राज्यात, कॅम्प लजून नावाची एक विस्तीर्ण लष्करी छावणी आहे. अटलांटिक महासागराला लागून असलेल्या या छावणीत मरीन सैनिकांच्या तीन मोहीम दलांची मुख्य ठाणी आहेत. या दलांना नावे नाहीत. बावीस, चोवीस आणि सव्वीस एवढे क्रमांकच त्यांची ओळख आहेत. तिन्ही दले पाळीपाळीने जहाजांवर चढतात, सुमारे सहा-सात महिने समुद्रावर काढतात आणि परत येतात. निघताना त्यांना बहुधा एखादे ठरावीक काम नेमून दिलेले नसते. ज्या भागात ती फिरत असतील तेथे काही संकट उद्‌भवले, तर सर्वांच्या आधी पोहोचावयाचे, हेच त्यांचे काम होय.

अशा दलाच्या मोहिमांचा इतिहास सामान्य सैन्याच्या इतिहासाहून वेगळा असतो. त्यात एक शत्रू नसतो, एक रणभूमी नसते आणि सलग असे एखादे युद्धही नसते. कोठे निर्वासितांना अन्न पोहोचवावे लागते, कोठे वैमानिकाची सुटका करावी लागते, तर कोठे परक्या राजधानीत नुसते उभे राहावे लागते. चोविसाव्या दलाची गेल्या चार दशकांतील हकिकत पाहिली म्हणजे एक प्रश्न वारंवार समोर येतो. तीच रचना, तेच शिक्षण आणि तीच शस्त्रे असलेले दल एका ठिकाणी भयंकर हानी सोसते, तर दुसऱ्या ठिकाणी हजारोंचे प्राण वाचविते, असे का व्हावे?

दलाची रचना

मरीन कोअर हे अमेरिकी नौदलाशी संलग्न, परंतु स्वतंत्र असे सैन्यदल आहे. समुद्रातून जमिनीवर उतरून लढणे हे त्याचे परंपरागत वैशिष्ट्य. मोहीम दल हा या सैन्याचा एक लहान, परंतु सर्व अंगांनी परिपूर्ण असा घटक होय. त्यात सुमारे २,२०० स्त्री-पुरुष असतात व त्याचे चार भाग असतात. पहिला भाग कर्नलच्या हुद्द्यावरील सेनापतीच्या मुख्यालयाचा. दुसरा भाग पायदळाच्या एका बटालियनचा. तिला तोफा, चिलखती गाड्या आणि सुरुंग काढणारे सैनिक जोडून दिलेले असतात. तिसरा भाग विमानांचा. त्यात सैनिक वाहून नेणारी व मारा करणारी हेलिकॉप्टरे आणि आखूड धावपट्टीवरून उडून सरळ खाली उतरू शकणारी लढाऊ विमाने येतात. चौथा भाग रसद, दवाखाना, दुरुस्ती व पाणीपुरवठा सांभाळणाऱ्यांचा.

हा सारा संसार सामान्यतः तीन जहाजांवर मावतो. त्यांपैकी सर्वांत मोठे जहाज दिसावयास विमानवाहू नौकेसारखे असते. इतर दोन जहाजांच्या पोटातून होड्या व वाहने थेट पाण्यात सोडता येतात. सुमारे पंधरा दिवस बाहेरच्या मदतीवाचून निभाव लागावा एवढी शिधासामग्री व दारूगोळा बरोबर असतो. या रचनेचे मर्म त्या पंधरा दिवसांत आहे. हे दल कोठेही लवकर जाऊ शकते, परंतु फार काळ मुक्काम करण्यासाठी ते घडविलेले नाही. त्याचे घर जहाज आहे आणि जहाज पाठीशी असेपर्यंतच त्याचे बळ शाबूत राहते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दलाचा क्रमांक कायम राहतो, परंतु माणसे बदलत असतात. प्रत्येक फेरीसाठी पायदळाची बटालियन व विमानांचे पथक नव्याने जोडले जाते, कित्येक महिने एकत्र शिक्षण घेते आणि फेरी संपली की आपल्या मूळ तुकडीकडे परत जाते. पूर्वी या दलांना मरीन उभयचर दल असे म्हणत. १९८८ साली त्यांचे नाव मरीन मोहीम दल असे करण्यात आले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर अकरा, तेरा व पंधरा या क्रमांकांची दले आहेत, तर एकतिसावे दल जपानच्या ओकिनावा बेटावर असते.

बैरूत, १९८३

जून १९८२ मध्ये इस्राएलने लेबनॉनवर स्वारी केली व त्याचे सैन्य बैरूतपर्यंत जाऊन भिडले. वेढ्यात सापडलेल्या पॅलेस्टिनी सैनिकांना सुखरूप बाहेर काढण्यासाठी ऑगस्टमध्ये अमेरिका, फ्रान्स व इटली यांच्या तुकड्या बैरूतला उतरल्या. ते काम पुरे झाले आणि सप्टेंबरच्या पूर्वार्धात मरीन सैनिक जहाजांवर परतले. परंतु १४ सप्टेंबरला लेबनॉनचे नियोजित राष्ट्राध्यक्ष बशीर गेमायेल यांची हत्या झाली आणि लागलीच साब्रा व शातिला येथील पॅलेस्टिनी वस्त्यांमध्ये लेबनॉनमधील एका ख्रिस्ती सशस्त्र संघटनेने निःशस्त्र लोकांची कत्तल केली. त्यानंतर बहुराष्ट्रीय सेना पुन्हा बोलावण्यात आली. या वेळी मात्र तिला सोपविलेले काम पहिल्यासारखे नेमके नव्हते. लेबनॉनच्या सरकारला आपली सत्ता पुन्हा प्रस्थापित करता यावी म्हणून तेथे हजर राहणे, एवढेच त्याचे स्वरूप होते. लष्करी कागदपत्रांत त्यासाठी ‘उपस्थिती’ हाच शब्द वापरला गेला.

चोविसावे दल १९८२ च्या हिवाळ्यात या कामावर होते आणि मे १९८३ च्या अखेरीस कर्नल टिमथी गेराटी यांच्या नेतृत्वाखाली ते पुन्हा तेथे आले. दलाचा तळ बैरूतच्या विमानतळावर होता. ही जागा सपाट व सखल असून पूर्वेकडील शूफच्या डोंगरांवरून सहज दिसते. दल निःपक्षपाती राहील तोपर्यंत डोंगरावरच्या तोफांचे भय बाळगण्याचे कारण नाही, असे गृहीत धरून ही जागा पत्करलेली होती.

सप्टेंबरच्या आरंभी इस्राएली सैन्य शूफमधून मागे सरले आणि तेथे द्रूझ व ख्रिस्ती संघटनांमध्ये युद्ध पेटले. लेबनॉनचे सैन्यही त्यात ओढले गेले. विमानतळावर तोफगोळे पडू लागले. १९ सप्टेंबरला सूक अल्-घर्ब या डोंगरावरील गावाजवळ लेबनॉनच्या सैन्याच्या मदतीसाठी अमेरिकी युद्धनौकांनी मारा केला. हा मारा करावा की नाही याविषयी गेराटी यांच्या मनात शंका होती. त्यामुळे आपण एका पक्षाचे ठरू व त्याची किंमत सखल भागात बसलेल्या सैनिकांना द्यावी लागेल, असे त्यांना वाटत होते. दलाला सोपविलेले काम मात्र पूर्वीचेच राहिले. जमिनीवरची परिस्थिती युद्धाची झाली होती आणि नियम शांततेच्या काळाचे होते. पहाऱ्यावरील सैनिकांच्या बंदुकांत काडतुसांची पेटी बसविलेली नसे.

रविवार, २३ ऑक्टोबर १९८३ रोजी सकाळी ६ वाजून २२ मिनिटांनी स्फोटकांनी भरलेला एक पिवळा मालट्रक विमानतळाच्या आवारात शिरला. काटेरी तारांचे कुंपण मोडून, दोन पहारेचौक्यांमधून वाट काढीत तो बटालियनच्या चार मजली इमारतीच्या दर्शनी दालनात घुसला व तेथे त्याचा स्फोट झाला. आतील बहुतेक सैनिक झोपेत होते. इमारत जागच्या जागी कोसळली. २४१ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. त्यांपैकी २२० मरीन, १८ नौसैनिक व ३ भूदलाचे सैनिक होते. काही मिनिटांतच दुसऱ्या एका स्फोटात फ्रान्सचे ५८ छत्रीधारी सैनिक ठार झाले. बळी पडलेली अमेरिकी तुकडी प्रामुख्याने आठव्या मरीन रेजिमेंटची पहिली बटालियन होती.

चौकशी आयोगाचा निष्कर्ष डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. स्थानिक अधिकाऱ्यांनी एवढे सैनिक एका छपराखाली ठेवावयास नको होते, असा ठपका त्यात होता. परंतु तेवढ्यावर आयोग थांबला नाही. सोपविलेल्या कामाचा अर्थ वरपासून खालपर्यंत सर्वांनी एकच लावलेला नव्हता आणि परिस्थिती पालटल्यावरही त्या कामाचा फेरविचार झाला नाही, याकडेही त्याने लक्ष वेधले. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी जबाबदारी स्वतःकडे घेतली. फेब्रुवारी १९८४ च्या अखेरीस मरीन सैनिक बैरूतच्या किनाऱ्यावरून जहाजांवर परतले.

कुर्दिस्तान, १९९१

आठ वर्षांनी याच क्रमांकाच्या दलाकडे आलेले काम अगदी निराळे होते. १९९१ च्या आखाती युद्धानंतर इराकच्या उत्तर भागात कुर्द लोकांनी उठाव केला आणि सद्दाम हुसेन यांच्या सैन्याने तो मोडून काढला. मार्चच्या अखेरीस लाखो कुर्द स्त्री-पुरुष घरेदारे सोडून तुर्कस्तानच्या सरहद्दीवरील बर्फाळ डोंगरांत जाऊन राहिले. थंडी, उपासमार व दूषित पाण्यामुळे होणारे आजार यांनी तेथे रोज माणसे मरू लागली. त्यांत लहान मुलांचा भरणा मोठा होता. ५ एप्रिलला संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीने ठराव क्रमांक ६८८ संमत केला.

चोविसावे दल त्या वेळी भूमध्य समुद्रात होते. कर्नल जेम्स जोन्स त्याचे सेनापती होते. हे गृहस्थ पुढे मरीन कोअरचे प्रमुख झाले. एप्रिलच्या मध्यास जहाजे तुर्कस्तानातील इस्केंदरुन बंदरास लागली आणि दल तेथून पाचशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या सिलोपी येथे गेले. समुद्राला धरून राहणारे हे सैन्य समुद्रापासून इतके आत क्वचितच गेले असेल. आरंभी हेलिकॉप्टरांनी डोंगरांवर अन्न, तंबू व औषधे पोहोचविली. पण एवढ्याने प्रश्न सुटणार नव्हता, कारण डोंगरावर कायमची वस्ती होणे शक्य नव्हते. लोकांना खाली आणावयाचे, तर खाली त्यांना निर्भयपणे राहता आले पाहिजे. म्हणून इराकी सैन्यास मागे हटण्यास सांगण्यात आले आणि २० एप्रिलच्या सुमारास मरीन सैनिक झाखो या ओस पडलेल्या गावात शिरले. गावाबाहेर तंबूंची छावणी उभी राहिली. ब्रिटन, फ्रान्स, इटली, नेदरलँड्स इत्यादी देशांच्या तुकड्याही येऊन मिळाल्या व सुरक्षित प्रदेशाची सीमा हळूहळू रुंदावली.

पुष्कळ कुर्द कुटुंबे तंबूंत फार दिवस थांबलीच नाहीत; रस्ता मोकळा झाल्याची खात्री पटताच ती आपापल्या गावी निघाली. जुलैच्या मध्यास दलाने इराक सोडले. येथेही शस्त्रसज्ज शत्रू समोर होता आणि येथेही चुकीला जागा होती. पण काम पुरे झाले की नाही हे मोजता येत होते. डोंगर रिकामे झाले आणि घरे भरली, की परत फिरावयाचे. ‘उपस्थिती’च्या कामाला असा शेवट कधीच नव्हता.

बॉस्निया, १९९५

२ जून १९९५ रोजी बॉस्नियावर गस्त घालणारे अमेरिकी विमान सर्ब सैन्याच्या क्षेपणास्त्राने पाडले. वैमानिक कॅप्टन स्कॉट ओग्रेडी हवाई छत्रीच्या साहाय्याने खाली उतरले आणि सहा दिवस रानात लपून राहिले. पाने, गवत व मुंग्या खाऊन त्यांनी दिवस काढले. ८ जूनच्या मध्यरात्रीनंतर त्यांच्या बिनतारी यंत्राचा आवाज अखेर ऐकू आला. चोविसावे दल एड्रियाटिक समुद्रात किअरसार्ज या जहाजावर होते. पहाटे दोन मोठी हेलिकॉप्टरे मरीन सैनिकांना घेऊन निघाली. सेनापती कर्नल मार्टिन बर्न्ट स्वतः बरोबर होते. जमिनीवर उतरल्यापासून वैमानिकाला आत घेईपर्यंत गेलेला वेळ मिनिटांत मोजण्यासारखा होता. परतीच्या वाटेवर खालून गोळीबार झाला, तथापि सर्व जण सुखरूप जहाजावर आले. ज्या प्रकारच्या कामासाठी हे दल घडविलेले आहे, त्याचा हा शुद्ध नमुना म्हणता येईल : समुद्रातून यावे, नेमके काम करावे आणि समुद्राकडे परतावे.

इराक व अफगाणिस्तान

२००१ नंतरच्या युद्धांनी हा क्रम मोडला. जुलै २००४ ते फेब्रुवारी २००५ या काळात चोविसाव्या दलाला बगदादच्या दक्षिणेकडील प्रदेश सांभाळावयास देण्यात आला. महमूदिया, लतिफिया, युसुफिया या गावांच्या या परिसराला वार्ताहर ‘मृत्यूचा त्रिकोण’ म्हणत. येथे पाठीशी जहाज नव्हते. रस्त्याकडेला पुरलेले स्फोटक व अदृश्य शत्रू यांच्याशी दररोजची झुंज होती. फलुजाच्या लढाईच्या वेळी ब्लॅक वॉच ही ब्रिटिश बटालियनही काही आठवडे या दलाच्या हुकमतीखाली होती.

एप्रिल २००८ च्या अखेरीस दल अफगाणिस्तानच्या हेलमंद प्रांतात गरमसिर येथे गेले. तेथील वाट मोकळी करून पुढे जावे, असा मूळ बेत होता. प्रत्यक्षात कडवा प्रतिकार झाला व लढाई महिनाभर चालली. तालिबानची फळी मोडल्यानंतर आपण निघून गेलो, तर बाजार पुन्हा बंद होईल व लोक पुन्हा पळतील, हे उघड दिसत होते. म्हणून दल सप्टेंबरपर्यंत थांबले आणि मग तो प्रदेश ब्रिटिश सैन्याच्या स्वाधीन करून परतले. सैनिकांनी आपले काम चोख केले याविषयी दुमत नाही. परंतु थोड्या महिन्यांसाठी आलेले दल एखाद्या जिल्ह्याचे भवितव्य ठरवू शकत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये सारा हेलमंद प्रांत तालिबानच्या हाती गेला.

पुन्हा बैरूत, आणि काबूल

१२ जुलै २००६ रोजी लेबनॉनमध्ये पुन्हा युद्ध भडकले. विमानतळ बंद पडला आणि हजारो परदेशी नागरिक अडकून राहिले. त्यांना हलविण्यासाठी ज्या दलाला बोलावणे गेले ते चोविसावेच होते. २० जुलैला मरीन सैनिकांची एक लहान तुकडी बैरूतच्या उत्तरेकडील किनाऱ्यावर उतरली. १९८४ नंतर अशा कामासाठी ते प्रथमच या भूमीवर पाऊल ठेवीत होते. या खेपेस त्यांनी जमिनीवर तळ दिला नाही. स्त्रिया, मुले व वृद्धांना होड्यांत बसवून जहाजांवर पोहोचवावयाचे आणि रात्री स्वतःही समुद्रावरच राहावयाचे, असा शिरस्ता ठेवण्यात आला. जहाजे व विमाने मिळून सुमारे १५,००० अमेरिकी नागरिक लेबनॉनमधून बाहेर काढण्यात आले. त्याच दिवसांत भारतीय नौदलाच्या चार नौका तेथे हेच काम करीत होत्या. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ‘मुंबई’ ही विनाशिका त्यांत होती. भारतीयांबरोबरच श्रीलंका व नेपाळचे नागरिक धरून २,२०० हून अधिक लोकांना त्यांनी सुखरूप आणले.

ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडले, तेव्हा तेथील विमानतळावर धावून गेलेल्या सैन्यात चोविसावे दल होते. त्याच्याशी जोडलेली पायदळाची तुकडी आठव्या रेजिमेंटची पहिली बटालियन होती. अडतीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका विमानतळावर जी गाडली गेली तीच. दोन आठवड्यांत सुमारे १,२४,००० लोक विमानांनी बाहेर नेण्यात आले. वेशीवर उभ्या असलेल्या सैनिकांना कागदपत्रे पाहून कोणाला आत घ्यावयाचे व कोणाला परत पाठवावयाचे, हे ठरवावे लागत होते. २६ ऑगस्टला अशाच एका वेशीपाशी आत्मघातकी स्फोट झाला. १३ अमेरिकी सैनिक व सुमारे १७० अफगाण नागरिक ठार झाले. मृत सैनिकांपैकी बहुतेक मरीन दुसऱ्या एका तुकडीचे होते. पण प्रसंग तोच होता. गर्दीच्या हाताच्या अंतरावर उभे राहावयाचे, तिच्यात शत्रू असेल हे जाणावयाचे आणि तरीही हात पुढे करावयाचा.

या साऱ्या हकिकतीवरून आरंभीच्या प्रश्नाचे काहीसे उत्तर मिळते. दलाची शक्ती सर्वत्र सारखीच होती. फरक पडला तो सोपविलेल्या कामाच्या स्वरूपामुळे. जेथे काम नेमके होते, त्याचा शेवट दिसत होता आणि परतीची वाट मोकळी होती, तेथे हे लहान दल आपल्या आकाराहून मोठे ठरले. जेथे धोरणाची उणीव सैनिकांच्या उपस्थितीने भरून काढण्याचा प्रयत्न झाला, तेथे ती उणीव त्यांनी आपल्या प्राणांनी भरली. अर्थात नेमके काम असले म्हणजे प्राणहानी टळतेच असे नव्हे; काबूलने तेही दाखविले. २०२४ च्या उन्हाळ्यात चोविसावे दल पुन्हा एकदा पूर्व भूमध्य समुद्रात, लेबनॉनमधून नागरिकांना हलवावे लागल्यास सिद्ध असावे म्हणून, वाट पाहत राहिले. या खेपेस त्याला उतरावे लागले नाही.

कॅम्प लजूनच्या वेशीजवळ, जॅक्सनव्हिल गावात, झाडांच्या सावलीत एक दगडी भिंत आहे. १९८६ साली उभारलेल्या या स्मारकावर बैरूतमध्ये मरण पावलेल्यांची नावे कोरली आहेत आणि दरवर्षी २३ ऑक्टोबरला तेथे लोक जमतात. जवळच्याच छावणीत पुढच्या फेरीवर निघणाऱ्या तरुण सैनिकांचे शिक्षण चालू असते. आपल्याला कोठे जावे लागेल, हे त्यांनाही ठाऊक नसते.